अकरा दुकानांचा खरा आकडा

भागीरथा आकडा सांगताना 'साधारण' हा शब्द कधी वापरत नसे. फुलसावंगीच्या जिल्हा परिषद शाळेत ती माझ्याकडे सातवीला होती. खिचडी शिजवणाऱ्या धुरपताबाई रोज दहा वाजता दारात येऊन विचारत, "किती लेकरं हायेत वो बाई आज?" मी हजेरीपट उघडायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर येई, "अडतीस. आन् एक दप्तर ठेवून पळाला, थो जेवाच्या टायमाले येते." तो येईच. धुरपताबाई हजेरीपटापेक्षा तिच्या आकड्यावर तांदूळ घेत आणि वर्षभरात खिचडी कधी उरली नाही, कमीही पडली नाही.

बारावी झाल्यावर तिचं लग्न झालं आणि ती यवतमाळला आली. नवरा अमर शाळेची व्हॅन चालवतो. मी निवृत्त होऊन इथे राहायला आले, तेव्हा तिने मला भाजीबाजारात गाठलं. "बाई, तुमी इथंच राहता आन् मले सांगतलं नाई?" असा दम देऊन तिने माझी पिशवी हातातून घेतली. त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी ती माझ्याकडे येऊ लागली. अंगाने किरकोळ, कपाळ मोठं. ऐकताना मान खाली घालते आणि बोलताना मात्र थेट डोळ्यांत बघते. चहा पार निवल्याशिवाय पीत नाही.

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका बियाणे कंपनीचा डेपो आहे, तिथे ती काम करते. पहिली दोन वर्षं खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मग हळूहळू माल पाठवायचं काम तिच्याकडे आलं. कुठल्या कृषी केंद्राला कुठलं बियाणं किती, कुठल्या टेम्पोत, कोणत्या दिवशी, हे सगळं ती पाहत असे. तीन वर्षांपूर्वी कंपनीने डेपोतल्या दोघांची नावं एका अभ्यासक्रमात घातली. त्याचं नाव भारदस्त होतं, 'पुरवठा साखळीतील कार्य व्यवस्थापनाची मूलतत्त्वे'. सहा महिने, दर रविवारी सकाळी मोबाइलवर तीन तास. एक नाव तिचं आणि दुसरं डेपोप्रमुख अनिमेषचं.

अनिमेष यवतमाळचाच. आजोबा आणि वडील दोघेही कलेक्टर कचेरीत होते. स्वतः इंजिनिअर, वय तिशीच्या आसपास, बोलणं मऊ. तो भागीरथाला 'ताई' म्हणे आणि तिच्यासमोर कधी खुर्चीत रेलून बसत नसे. अभ्यासक्रमाच्या काळात तोही दोनतीनदा तिच्याबरोबर माझ्याकडे आला. रुमालाची घडी घालून मांडीवर ठेवायचा, पन्ह्याचा पेला संपला की स्वतः विसळून ठेवायचा. मला तो आवडला होता, हे लिहून ठेवते.

सकाळचा वर्ग संपला की भागीरथा वही घेऊन माझ्याकडे येई. इंग्रजी शब्द माझ्याकडून वाचून घेई. मग मी सांगे, "आता तुझ्या भाषेत सांग." लीड टाइम म्हणजे मागवल्यापासून हातात पडेपर्यंतचे दिवस, हे तिला लगेच जमलं. सेफ्टी स्टॉकला ती थोडी थांबली आणि म्हणाली, "पाहुण्याची भाकर. कोणी येणार नसला तरी दोन जास्त थापाच्या." बॉटलनेकला तर ती हसायलाच लागली. "हे तं जिनिंगच्या गेटावरचा वजनकाटा झाला, बाई! मांगं शंभर गाड्या उभ्या असो, एका टायमाले एकच चढन."

एका रविवारी ती जरा लवकर आली. बसायच्या आधीच बोलू लागली.

"आज मास्तरनं आसुडाचं सांगतलं. आसूड धरणाऱ्याचा हात एवढासा हलते, पण टोक पाहा कुठं जाते! आपल्या डेपोत हेच चालू हाये ना वो. दुकानदाराले दोनशे पाकिटं लागतात, थो चारशे सांगते. काहून, तं कंपनी अर्धीच देते हे त्याले माहीत हाये. आमी चारशेवर अजून आपले चढवतो. वरचे अजून चढवतात. मंग ऑगस्टमधी ट्रकच्या ट्रक वापस. कंपनीले वाटते शेतकरी फिरला. शेतकरी कुठं फिरला? त्याले कोणी इचारलंच नाई!"

आमच्या भागात कपाशीचं बियाणं पाकिटावरून ओळखतात. त्यांच्या कंपनीचं एक वाण जांभळ्या पाकिटातलं होतं. महागाव तालुक्यात त्याच्यावर लोकांचा फार जीव. भागीरथाने प्रकल्पासाठी तेच निवडलं. महागावच्या रस्त्यावरची अकरा दुकानं घ्यायची, त्यांनी वाढवलेला आकडा न सांगता खरी गरज आणि दर सोमवारी खरी शिल्लक सांगायची, आणि डेपोने एकदाच भरमसाठ माल न टाकता आठवड्यातून दोनदा लागेल तसा पाठवायचा. अनिमेषने लगेच होकार दिला. "ताई, फक्त ते खरं सांगतील का?" एवढंच त्याने विचारलं.

ती सुट्ट्या टाकून, एसटीने, अकराही दुकानांत गेली. फुलसावंगीला निघाली तेव्हा मीही बरोबर गेले. तिथलं कृषी केंद्र भगवानरावांचं. ते तिच्या वडिलांचे चुलतभाऊ, म्हणून ती त्यांना मोठेबाबा म्हणते. भगवानरावांची एक रीत आहे. अक्षय तृतीयेला गावातले शेतकरी त्यांच्या दुकानात येतात आणि यंदा कोणतं बियाणं किती हवं ते बोलून जातात. त्याला ते 'बोल' म्हणतात. आगाऊ काही द्यायचं नाही, सही नाही. भगवानराव दाराच्या आतल्या फळीवर खडूने नाव आणि आकडा लिहितात. ज्याने बोल दिला तो दुसऱ्या दुकानात जात नाही, आणि त्याचा माल भगवानराव दुसऱ्याला देत नाहीत. एकतीस वर्षं हे चालत आलं होतं.

आम्हाला पाहून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "काय वं भागे, कंपनीनं तुले आता आमच्या घरात डोकवाले पाठवलं काय?"

"घरात नाई मोठेबाबा, जांभळ्या पाकिटात. यंदा खरी किती लागतात तेवढं सांगा."

"चारशे."

"खरी?"

"दोनशे बारा," ते म्हणाले आणि हसले. "चारशे सांगतो तवा दोनशे येतात. दोनशे सांगतले तं तुमी शंभर धाडसान. मंग बाकीच्या लोकाईले काय तुह्या डब्यातून देशीन?"

भागीरथाने आसुडाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती नीट ऐकली. मग उठून दार लोटलं आणि फळी दाखवली. त्र्याऐंशी नावं होती.

"हे आकडे माहे नाईत, पोरी. लोकाईचे बोल हायेत. कंपनीले मी खोटं सांगतो, ह्यायले नाई. आता तू म्हणतं का कंपनीलेही खरं सांगा. मंग कमी पडलं तं यायच्यापुढं मी कोणतं तोंड दाखवू?"

"मी बसली हावो ना डेपोत. खरं सांगणाऱ्याले कमी पडू देणार नाई. माहा शब्द."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी शिकवलं हिले. हिचा शब्द धरू काय?"

मी म्हणाले, "धरा."

पहिला हंगाम फार छान गेला. अकरा दुकानांतून परत आलेला माल दीड खोकं. बाकीच्या रस्त्यांवरून नेहमीसारखे भरलेले ट्रक परत आले. भागीरथाच्या प्रकल्पाला पहिला क्रमांक मिळाला. अनिमेष पेढे घेऊन माझ्याकडे आला. "इतकी वर्षं आम्ही ऑर्डरीच मोजत होतो. शेतकऱ्याला खरं किती लागतं हे ताईंमुळे पहिल्यांदा कळलं," तो म्हणाला. भागीरथा मान खाली घालून ऐकत होती. तिचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या वर्षी एप्रिलअखेर वरून कळवण्यात आलं, की बीजोत्पादन घटलं आहे आणि जांभळं पाकीट डेपोला मागणीच्या साठ टक्केच मिळेल. भागीरथाने त्याच दिवशी वाटणीचा कागद तयार केला. ज्यांचा आकडा खरा आहे त्यांना आधी पुरतं द्यायचं, वाढवून सांगणाऱ्यांची वाढ कापायची. अनिमेषने कागद वाचला आणि म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." तो कागद त्याने स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, अनिमेषने नाव सुचवल्यावरून, कंपनीने तिला दोन दिवस नागपूरला बोलावलं. विदर्भातल्या सगळ्या डेपोंच्या माणसांसमोर तिने आपली पद्धत सांगायची होती. ती घाबरली होती. तिने माझ्या खोलीत उभं राहून तीनदा बोलून दाखवलं. आदल्या दिवशी अनिमेषने तिला सांगितलं, "तुम्ही निश्चिंत जा ताई. महागावचा टेम्पो मी पाठवतो."

तिकडे तिचं भाषण उत्तम झालं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. परत आल्या दिवशी डेपोच्या गेटात तिला खेमसिंग भेटला. महागावचा टेम्पो तोच चालवतो.

"ताई, अवंदा फुलसावंगीले नव्वदच उतरवले," तो म्हणाला.

"नव्वद खोके?"

"खोके कुठले, पाकिटं. कागदावर तेवढीच होती. भगवानरावनं दोनदा मोजली. मले पाणी पाजलं अन् म्हणाले, जा बाप्पा, ऊन वाढून राह्यलं."

त्या वर्षी फुलसावंगीने दोनशे पाकिटं मागितली होती. साठ टक्क्यांनी एकशेवीस तरी जायला हवी होती. बाकीच्या दहा दुकानांनाही निम्म्याच्या आतच माल गेला होता. आणि पांढरकवड्याच्या हायवेवरच्या एका मोठ्या दुकानाने चारशे मागितली होती, त्यांना चारशेच्या चारशे गेली.

भागीरथा तशीच अनिमेषच्या खोलीत गेली. तिथे काय झालं ते तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं आणि पुढे कधी त्यातला एक शब्द बदलला नाही.

"सर, माहा कागद?"

"कागद बरोबरच होता, ताई. बसा ना."

"नाई बसत. नव्वद कशे झाले?"

"पांढरकवडावाले दोन दिवस फोनवर ओरडत होते. थेट वर तक्रार गेली. कुठून तरी कापावं लागणारच होतं."

"त्यायचे चारशे खोटे हायेत."

"असतील. पण त्यातले खोटे किती, मला कसं कळणार? दीडशे खोटे की अडीचशे? चुकून जास्त कापलं आणि गोंधळ झाला तर? तुमच्या अकरा दुकानांचं तसं नाही. तिथे किती कापलं की नेमकं किती कमी पडेल, हे मला अगदी पाकिटापर्यंत कळतं. म्हणून तिथूनच कापता आलं." त्याने तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. "आणि तुमची माणसं ओरडत नाहीत. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा."

"मले नागपूरले काहून पाठवलं?"

त्याने रुमालाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "तुम्ही इथे असता तर तुम्हाला त्रास झाला असता," तो म्हणाला.

त्याने हे सांगताना आवाज चढवला नव्हता, काही लपवलंही नव्हतं. भागीरथाला तेच समजत नव्हतं. "बाई, थो खोटं बोलला असता तं मी भांडली असती," ती म्हणाली. तिच्यापुढचा चहा निवून साय धरून गेला, तरी तिने तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती फुलसावंगीला गेली. मी येते म्हटलं, तर म्हणाली, "नको बाई. शब्द मी देल्ता." मीही 'धरा' म्हणाले होते, हे तिला आठवत असणारच. पण त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

पुढचं मला भगवानरावांच्या सुनेकडून, चंदाबाईकडून कळलं. दुकानात तेव्हा पंधरावीस शेतकरी होते. भागीरथा पायरीवर उभी राहिली आणि घडलं ते सांगितलं. अनिमेषचं नाव घेतलं नाही. आकडे सांगितले. मागचे किती, यंदाचे किती, हायवेवरच्या दुकानाला किती. 'मी तिथं नोयती' असंही म्हणाली नाही. कोणीतरी मागून म्हणालं, "म्हंजे खरं सांगतलं म्हून आमचं कापलं?"

"हाव," ती म्हणाली.

"अन् खोटं सांगणाऱ्यायले भेटलं?"

"हाव."

भगवानरावांनी तिला आत बोलावलं. ते रागावले नाहीत. फळीवरच्या नावांपुढे त्यांनी नवे आकडे लिहायला घेतले होते. ज्याचे चार होते त्याला दोन, ज्याचे तीन त्याला एक. काहींना काहीच नाही, त्यांना स्वतः घरी जाऊन सांगितलं होतं. स्वतःच्या सात एकरांवर त्यांनी कपाशी न पेरता सोयाबीन पेरायचं ठरवलं. काही लोक पुसदला रांगेत उभे राहिले, काहींनी दुसरं कुठलं पाकीट नेलं.

"मोठेबाबा, मले शिव्या द्या," भागीरथा म्हणाली.

"कायले देऊ? तुले फसवलं, तुह्यामार्फत मले फसवलं, माह्यामार्फत यायले. आता माहा शब्द यायच्यापुढं अर्धा झाला. तुह्या शिव्यानं थो पुरा होते काय?" मग ते चंदाबाईला म्हणाले, "हिले जेवाले वाढ."

ती जेवली. चंदाबाई सांगत होती, दोन भाकरी खाल्ल्या, मान वर केली नाही.

त्या ऑगस्टमध्ये हायवेवरच्या दुकानातून जांभळ्या पाकिटांची तेरा खोकी परत आली. भागीरथाने ती उतरवून घेतली, मोजली आणि गोदामात लावली.

दिवाळीनंतर अनिमेषची बदली ठरली. नागपूरच्या कचेरीत त्याला मोठी जागा मिळाली. जाण्याआधी त्याने भागीरथाला बोलावलं. तिची पद्धत आता साऱ्या जिल्ह्यात लागू करायची होती. एकशे चाळीस दुकानं. तिला समन्वयक करायचं ठरलं होतं. पगार वाढणार, गाडी मिळणार.

"मी वर तुमचंच नाव सांगितलं, ताई," तो म्हणाला. तो खरंच खूश होता.

भागीरथाने विचारलं, "तुटवडा आला तं खरं सांगणाऱ्याले आधी पुरतं देऊ, असं कंपनी लिहून देईन काय? दुकानदाराच्या हातात द्याले. सहीशिक्क्यानिशी."

"असं लिहून कसं देता येईल?"

"मंग मी काय सांगून इचारू लोकाईले?"

"गेल्या वर्षी काय सांगितलं होतंत?"

"माहा शब्द देल्ता," ती म्हणाली. "आता थो नाई माह्यापाशी."

तिने जागा घेतली नाही. अमर चिडला. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही, गाडीची किल्ली हातची गेली म्हणून घरात आदळआपट केली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "बाई, तुमी तरी समजावा." मी समजावलं नाही. माझ्याजवळ सांगण्यासारखं काय होतं? एकशे चाळीस दुकानांसाठी एक तरतरीत मुलगी नेमली गेली, अनघा नावाची. ती चांगली आहे म्हणे. दुकानदारांना ती तोच आसूड समजावून सांगते, भागीरथाच्याच नागपूरच्या भाषणातल्या चित्रांवरून.

भागीरथा आहे तिथेच आहे. अकरा दुकानांची मागणी घ्यायचं काम अजून तिच्याकडे आहे, कारण ती दुकानं दुसऱ्या कोणाशी बोलत नाहीत.

यंदा एप्रिलमध्ये एका सोमवारी मी तिचा डबा घेऊन डेपोत गेले होते. घाईत ती घरी विसरली होती आणि अमर व्हॅन घेऊन फेरीवर होता. ती फोनवर बोलत होती. समोर वही उघडी होती. नऊ दुकानं झाली होती. प्रत्येकाला ती आधी एकच वाक्य सांगत होती आणि मगच मागणी विचारत होती. दहावा फोन फुलसावंगीचा होता. तिने तो माझ्यासाठी मोठ्या आवाजावर केला.

"मोठेबाबा, भागी बोलून राह्यली. खरा आकडा मले सांगू नका. जो लिहाचा हाये तोच सांगा."

पलीकडे दुकानात मागे कोणीतरी फवाऱ्याची किंमत विचारत होतं.

"पाचशे लिव," भगवानराव म्हणाले.

तिने पाचशे लिहिलं. अक्षर पूर्वीसारखंच होतं, सरळ आणि टपोरं.

"लिवलं?"

"लिवलं."

"बाई काय म्हणतात? बरं हाये ना त्यायचं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "बरं हाये," ती म्हणाली, फोन ठेवला आणि अकराव्या दुकानाचा नंबर लावला.